संदर्भोल्लेखांची मोजणी आणि समीक्षेचे ऋण

एखाद्या अभ्यासकाचे कार्य किती महत्त्वाचे आहे, हे त्याच्या प्रकाशित लेखांच्या संख्येवरून आणि त्या लेखांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला यावरून ठरवावे, ही कल्पना आता विद्यापीठीय व्यवहारात इतकी रुळली आहे की तिच्याकडे एक कल्पना म्हणून पाहणेच कठीण झाले आहे. नेमणूक, पदोन्नती, मार्गदर्शक म्हणून मान्यता, संस्थेचे मानांकन या सर्व ठिकाणी ती गृहीत धरलेली असते. तिच्याविषयी मराठीत जे बोलले जाते त्याचे बहुधा दोन पक्ष असतात. विज्ञानाचे निकष साहित्याला लावू नयेत, असे एक पक्ष म्हणतो. मराठीचे प्राध्यापक लिहीतच नाहीत, म्हणून त्यांना मोजणी नकोशी वाटते, असे दुसऱ्याचे म्हणणे. संदर्भोल्लेख म्हणजे काय, या मूळ प्रश्नाला मात्र दोन्ही पक्ष हात घालीत नाहीत. वास्तविक हा प्रश्न समीक्षेच्या प्रांतातला आहे. एका संहितेत दुसऱ्या संहितेचे नाव येते तेव्हा नेमके काय घडते, हे सांगण्याची जबाबदारी संहितांच्या अभ्यासकांचीच आहे. ती आपण ग्रंथपालांवर आणि संख्याशास्त्रज्ञांवर सोपवून मोकळे झालो आहोत.

या मोजणीची पूर्वपीठिका कायद्याच्या क्षेत्रात सापडते. फ्रँक शेपर्ड याने अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १८७३ साली न्यायनिवाड्यांची एक सूची सुरू केली. एखाद्या जुन्या निवाड्याचा आधार पुढील कोणकोणत्या निवाड्यांत घेतला गेला, हे वकिलाला त्या सूचीत एका जागी पाहायला मिळे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शेपर्डच्या सूचीत केवळ उल्लेखाची नोंद नसे. पुढील न्यायालयाने तो निवाडा अनुसरला, त्यावर टीका केली, तो प्रस्तुत प्रकरणाहून वेगळा ठरवला की रद्दबातल केला, हे दाखविणारी अक्षरचिन्हे तीत असत. वकिलाला उल्लेखाच्या संख्येशी कर्तव्य नव्हते. दहा वेळा उल्लेखिलेला पण अकराव्या वेळी रद्द झालेला निवाडा त्याच्या उपयोगाचा नव्हता.

युजीन गारफील्ड यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात १९५५ साली जो लेख लिहिला, त्यात याच सूचीचा आदर्श वैज्ञानिक वाङ्मयापुढे ठेवला होता. सदोष, अपुऱ्या किंवा कालबाह्य माहितीचा कोणी डोळे मिटून आधार घेऊ नये, हा त्यांचा एक घोषित हेतू होता. म्हणजे मूळ कल्पनेत चिकित्सा होती. १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ नियमितपणे निघू लागला, तेव्हा त्यात उल्लेख आले, पण अनुसरण आणि खंडन यांतला भेद दाखविणारी चिन्हे आली नाहीत. लाखो उल्लेखांपैकी प्रत्येक वाचून त्याचे स्वरूप ठरविणे व्यवहारात अशक्यच होते, हे मान्य. परंतु त्या अशक्यतेचे परिणाम दूरवर झाले. कोण कोणाशी काय बोलतो, हा भाग गळाला आणि कोण कोणाचे नाव घेतो, एवढाच उरला. नाव घेणे मोजता येते. बोलणे मोजता येत नाही.

या मोजणीचा दुसरा उगमही माणसाची पारख करण्यात नव्हता. १९२७ साली ग्रॉस आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांनी अमेरिकन रसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकातील संदर्भ मोजले, ते छोट्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरविण्यासाठी. कपाटात काय ठेवावे यासाठी सिद्ध केलेले साधन पुढे खुर्चीत कोणाला बसवावे यासाठी वापरले जाऊ लागले, इतके म्हटले तरी या स्थित्यंतराचा आशय ध्यानात येईल.

२००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडलेला एच-निर्देशांक हे या स्थित्यंतराचे आजचे रूप आहे. ज्या अभ्यासकाच्या दहा लेखांचा प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेख झाला आहे, पण अकरा लेखांचा प्रत्येकी अकरा वेळा झालेला नाही, त्याचा निर्देशांक दहा. आता ज्याने आयुष्यात एकच ग्रंथ लिहिला आणि त्या ग्रंथाचा पाच हजार वेळा उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक किती? एक. हिर्श यांनी भौतिकशास्त्रज्ञांच्या कामाचा विचार करून हे माप घडविले, आणि छोट्या छोट्या लेखांतून पुढे सरकणाऱ्या विद्येत त्याला काही अर्थ असेलही. परंतु ज्या विद्याशाखेत एखादा विचार वीस वर्षे मुरून एका ग्रंथात उतरतो, तेथे हे माप ग्रंथकाराला जवळजवळ अदृश्य करते.

साहित्यविद्येसाठी निराळी सूची १९७८पासून तयार होऊ लागली. तिच्या आधारे गारफील्ड यांनी १९७६ ते १९८३ या काळात सर्वाधिक उल्लेखिल्या गेलेल्या विसाव्या शतकातील ग्रंथांची जी यादी केली, तिच्यात थॉमस कून यांचा वैज्ञानिक क्रांतींवरील ग्रंथ पहिला, जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ दुसरी आणि नॉर्थ्रप फ्राय यांचा ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ क्रिटिसिझम’ तिसरा होता. ही यादी मोठी बोलकी आहे. कूनचा उल्लेख करणारा त्याची एखादी संकल्पना वापरतो किंवा नाकारतो. जॉइसचा उल्लेख करणारा त्याच्या कादंबरीचे विवेचन करतो. फ्रायचा उल्लेख करणारा कदाचित फ्रायच्या वर्गीकरणाशी भांडतो. पहिला उल्लेख साधनाचा, दुसरा अभ्यासविषयाचा, तिसरा प्रतिपक्षाचा. मोजणीच्या दृष्टीने तिन्ही एकच. ज्याला साध्या वाक्यातही कर्ता आणि कर्म यांतला भेद करण्याची सवय आहे, त्या साहित्याच्या विद्यार्थ्याला हे गणित पटणे अवघड आहे.

विज्ञानातही सारे उल्लेख एका जातीचे नसतात. मोरावचिक आणि मुरुगेसन यांनी भौतिकशास्त्रातील लेखांची तपासणी करून १९७५ साली दाखवून दिले की, सुमारे चाळीस टक्के उल्लेख केवळ उपचार म्हणून आलेले होते. काढून टाकले असते तरी लेखाचे काही बिघडले नसते. खंडनपर उल्लेख जवळपास सातात एक होते. हे प्रमाण साहित्यविद्येत काय असेल याचा अंदाज करण्याचे धाडस मी करीत नाही. पण उपचारादाखल फूको आणि बाख्तिन यांची नावे प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हजेरी लावून जातात आणि पुढे प्रबंधभर त्यांचा पत्ता नसतो, हे दृश्य परीक्षकांना अपरिचित नाही.

आपल्या परंपरेतील एक उदाहरण या संदर्भात अधिक उद्बोधक ठरेल. भरताच्या रससूत्रावर भट्ट लोल्लट, श्रीशंकुक आणि भट्टनायक यांनी काय म्हटले, हे आज आपल्याला मुख्यत: अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’मुळे कळते. त्यांचे मूळ ग्रंथ उपलब्ध नाहीत. भट्टनायकाचा ‘हृदयदर्पण’ हा तर केवळ इतरांच्या उल्लेखांतून उरलेला ग्रंथ आहे. अभिनवगुप्ताने या तिघांची मते मांडली ती खंडनासाठी. पण ती इतक्या नेमकेपणाने मांडली की सुमारे हजार वर्षांनंतरही प्रतिपक्षाची बाजू घेऊन अभिनवगुप्ताशी वाद करता येतो. शिवाय भट्टनायकाचे खंडन करताना साधारणीकरणाची त्याची कल्पना अभिनवगुप्ताने आपल्या सिद्धान्तात सामावून घेतली. येथे उल्लेख हा खंडन आहे, जतन आहे आणि ऋणही आहे, आणि हे तिन्ही एकाच वेळी आहे. पूर्वपक्ष नीट मांडल्याखेरीज उत्तरपक्षाला अधिकार नाही, या शिस्तीतून ते शक्य झाले. भट्टनायकाचा ‘प्रभाव’ आकड्यात सांगायचा तर फारसे काही हाती लागणार नाही, आणि त्याच्यावाचून रससिद्धान्ताचा इतिहास मात्र लिहिता येणार नाही.

मराठीतील आधुनिक समीक्षेकडे वळले की आणखी एक गुंतागुंत दिसते. बा. सी. मर्ढेकरांची ‘भावनानिष्ठ समतानता’ ही संज्ञा मर्ढेकरांच्या नावावाचून कोणी वापरीत नाही. ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ही संज्ञा समजावून घेणे, तिच्यातील अडचणी दाखवणे, हा मराठी सौंदर्यविचाराचा एक नित्यक्रमच झाला. याउलट रा. भा. पाटणकरांच्या १९७४ सालच्या ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांचा जो भेद काटेकोरपणे उभा केला आहे, तो आज पदव्युत्तर वर्गातील कोणताही विद्यार्थी पाटणकरांचे नाव न घेता वापरतो. त्याला तो भेद मराठीच्या कोशातलाच वाटतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या घटनेकडे लक्ष वेधले होते: एखादी कल्पना विद्याशाखेच्या अंगी इतकी भिनते की तिचा जनक पुसला जातो. या न्यायाने जो विचार पचतो त्याचा उल्लेख थांबतो, आणि जो घशात अडकतो त्याचा होत राहतो. मर्ढेकरांचे महत्त्व कमी करण्याचा येथे उद्देश नाही. अडकणारे विचारही समीक्षेला हवे असतात. मुद्दा इतकाच की उल्लेखांची मोजणी अपचनाची नोंद करते आणि पोषणाची करीत नाही.

भाषेचा प्रश्न तर याहून उघड आहे. अशोक रा. केळकर यांनी १९६४ साली ‘वर्ड’ या नियतकालिकात मराठीतील बाळबोलीवर इंग्रजीत लेख लिहिला. बाळांशी बोलण्याच्या भाषेचा जगभर जो अभ्यास पुढे झाला त्यात त्या लेखाचा निर्देश येत राहतो. याच केळकरांनी साहित्यमीमांसा, अर्थविचार, भाषा आणि कला यांच्या परस्परसंबंधांविषयी आयुष्यभर मराठीत जे लिहिले, ज्यातले काही ‘वैखरी’त आणि पुढे २००८ सालच्या ‘रुजुवात’मध्ये एकत्र आले, ते आंतरराष्ट्रीय सूचींच्या कक्षेबाहेर राहिले. एकाच विद्वानाची जणू दोन चरित्रे झाली. एक मोजलेले आणि एक वाचलेले. केळकरांच्या बाबतीत दोन्ही उपलब्ध आहेत म्हणून आपल्याला तफावत दिसते तरी. ज्यांनी केवळ मराठीत लिहिले त्यांच्या बाबतीत तफावत दिसण्यासाठी दुसरी बाजूच नाही.

रा. चिं. ढेरे यांचे उदाहरण यापुढचे आहे. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ साली प्रकाशित झाला. विठ्ठलाच्या स्वरूपाविषयी त्यानंतर जे काही गंभीर लेखन झाले, त्याला या ग्रंथाशी संवाद किंवा विवाद केल्यावाचून गत्यंतर नव्हते. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २०११ साली प्रसिद्ध झाले. मूळ ग्रंथ आणि भाषांतर यांत सत्तावीस वर्षांचे अंतर आहे. त्या काळात ढेऱ्यांचा प्रभाव नव्हता असे म्हणायला कोणी धजणार नाही. पण सूचीला विचारले तर ती जवळजवळ तेच म्हणेल. भाषांतरानंतर जे उल्लेख झाले त्यांचीही वाटणी होते: काही मूळ ग्रंथाच्या नावे, काही भाषांतराच्या नावे, आणि रोमन लिपीत ढेऱ्यांचे नाव व मराठी शीर्षक ज्या चारपाच प्रकारांनी लिहिले जाते, त्या प्रत्येकाच्या नावे थोडे थोडे. यंत्राच्या दृष्टीने ते चारपाच किरकोळ लेखक ठरतात.

येथवरचे विवेचन आपल्याला सुखावणारे आहे, आणि म्हणूनच येथे थांबणे अप्रामाणिक होईल. मोजणीत मराठी समीक्षेच्या वाट्याला शून्य येते, याचे कारण केवळ मोजणाऱ्याचे अज्ञान नाही. आपण एकमेकांचा उल्लेख करीत नाही, हेही त्याचे कारण आहे. ‘काही समीक्षकांच्या मते’, ‘असा एक प्रवाद आहे’, ‘अलीकडे असे म्हटले जाते’ या शब्दप्रयोगांमागे दडलेली माणसे शोधू लागलो तर मराठी समीक्षेचा निम्मा इतिहास सापडेल. लेखसंग्रह प्रसिद्ध होतात आणि त्यांतला कोणता लेख मुळात कोणत्या नियतकालिकाच्या कोणत्या अंकात, कोणत्या साली आला होता, याची नोंद पुष्कळदा नसते; त्यामुळे कोणी कोणाला उत्तर दिले आणि कोणी कोणाचे उचलले, हे ठरविण्याचे साधनच नाहीसे होते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस व्यास आणि भाष्यकार यांचे ऋण मान्य केले आहे. तेथे भाष्यकाराचे नाव नाही, आणि तो कोण याची चर्चा अभ्यासकांना करावी लागली. ते कवीचे सौजन्य होते. प्रबंधकाराला ती सवलत देता येणार नाही.

मर्टन यांची कल्पना आपल्या बाजूने वापरताना म्हणूनच जपून राहायला हवे. कल्पना अंगी भिनल्यामुळे जनकाचे नाव पुसले गेले, असे म्हणण्यासाठी ते नाव कधी काळी घेतले जात होते हे दाखवता आले पाहिजे. पाटणकरांच्या बाबतीत ते दाखवता येते. तालुक्याच्या गावी राहून एखाद्या पोथीचे पाठभेद पाच वर्षे जुळविणाऱ्या, किंवा विस्मृत नियतकालिकाच्या फायली धुंडाळून काळ निश्चित करणाऱ्या अभ्यासकाच्या बाबतीत ते दाखवता येत नाही. त्याचा निष्कर्ष एखाद्या ज्येष्ठाच्या व्याख्यानात येतो, व्याख्यान छापले जाते, आणि पुढे सारे त्या व्याख्यानाचा निर्देश करतात. याला सामावणे म्हणायचे की हरवणे की लुटणे, हे ठरवायला पुरावा उरत नाही. स्वत: मर्टन यांनी १९६८ साली कीर्तिमंतालाच अधिक कीर्ती मिळते हा सिद्धान्त मांडला, तो बऱ्याच अंशी हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या मुलाखतींवर उभा होता. लेख संयुक्तपणे प्रसिद्ध व्हायला हवा होता, ही कबुली मर्टन यांनी १९७३ साली दिली. सिद्धान्ताने आपला पहिला पुरावा घरातच शोधला म्हणायचा. तरी तेथे तळटीप होती, म्हणून कबुलीला जागा होती.

या पार्श्वभूमीवर गेल्या दीड दशकात आपल्याकडे काय घडले ते पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० सालच्या नियमावलीने अध्यापकांच्या लेखनाला गुण देण्याची पद्धत आणली. तेव्हापासून आयएसएसएन क्रमांक असलेली नियतकालिके आणि आयएसबीएन क्रमांक असलेली चर्चासत्रांची पुस्तके यांचे जे पीक आले ते आपण पाहिले आहे. आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली. २०१८च्या मे महिन्यात तिच्यातून ४,३०५ नियतकालिके वगळली. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत, विद्यापीठांनी सुचविलेल्यांपैकी तपासलेली १,००९ नियतकालिके घेतली असता ८८ टक्क्यांहून अधिक निकषांना उतरली नाहीत. २०१९पासून ‘केअर’ यादी आली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षातून चाले. २०२५च्या फेब्रुवारीत तीही बंद झाल्याचे आयोगाने जाहीर केले आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर टाकली.

यादीविषयी पुष्कळ वाद झाले. गुणांच्या कोष्टकाविषयी तितके झाले नाहीत, आणि खरा अर्थ त्या कोष्टकात होता. २०१८च्या नियमावलीनुसार भाषा व मानव्यविद्यांच्या अध्यापकाला मान्य नियतकालिकातील एका लेखाला १० गुण होते, राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या स्वतंत्र ग्रंथालाही १०, आणि भाषांतरित ग्रंथाला ८. म्हणजे ‘सौंदर्यमीमांसा’ आणि आठ पानांचा एक लेख यांचे मोल एकच. ‘श्रीविठ्ठल’ इंग्रजीत नेण्याचे मोल त्याहून दोन गुणांनी कमी. पाठ चिकित्सापूर्वक निश्चित करणे, सूची करणे, कोश रचणे यांना या कोष्टकात स्वतंत्र रकानाच नव्हता. या व्यवस्थेत जो तरुण अभ्यासक ग्रंथ लिहायला बसेल त्याला आपण नादान म्हणू. आणि तो बसला नाही म्हणून दहा वर्षांनी मराठीत ग्रंथ होत नाहीत अशी तक्रार करू.

संशोधनाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या गुणकावरून करू नये, असा जाहीरनामा २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे निघाला, आणि २०१५च्या लायडन जाहीरनाम्यातील तिसरे तत्त्व स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्यावे असे सांगते. हे दस्तऐवज आपल्या बाजूचे आहेत. परंतु ‘आम्हाला मोजू नका’ एवढे म्हणून भागणार नाही. मोजणी गेली की तिच्या जागी वाचन येईल अशी खात्री नाही; ओळखपाळख येण्याची शक्यता अधिक. आकड्याने निदान जात, गाव आणि गुरू विचारले नव्हते, असे एखादा उमेदवार म्हणाला तर त्याला काय उत्तर द्यायचे?

उत्तर शेपर्डच्या सूचीत आहे असे मला वाटते. उल्लेख मोजणारी नव्हे, तर उल्लेखाचे स्वरूप सांगणारी सूची मराठी समीक्षेला हवी आहे. कोणी कोणाचे म्हणणे स्वीकारले, कोणी दुरुस्त केले, कोणी नाकारले, कोणी नाव न घेता वापरले. हे काम यंत्राला सोपवता येण्याजोगे नाही, कारण चौथा प्रकार ओळखायला दोन्ही संहिता वाचलेल्या असाव्या लागतात. मराठीत सूचीकारांची परंपरा दुबळी नाही. शं. ग. दाते यांनी १८००पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची एकहाती उभी केली, आणि १८०० ते १९५० या काळातील नियतकालिकांच्या लेखांची सूचीही त्यांच्या व सहकाऱ्यांच्या परिश्रमांतून झाली. या सूचींवर किती प्रबंध उभे राहिले ते सांगता येणार नाही. त्यांपैकी फारच थोड्यांच्या संदर्भसूचीत दात्यांचे नाव सापडेल.

आरंभ लहान असू शकतो. ‘सौंदर्यमीमांसा’ प्रसिद्ध झाल्यापासून पुढील पंचवीस वर्षांत ‘सत्यकथा’, ‘आलोचना’, ‘अनुष्टुभ्’, ‘नवभारत’ यांच्या अंकांतून लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या संज्ञा कोठे, कोणाच्या नावानिशी, कोणत्या अर्थाने आल्या आणि नाव केव्हा गळाले, एवढेच शोधले तरी एम.फिल.च्या जुन्या प्रबंधिकेएवढा ऐवज होईल. त्याला कोष्टकात गुण मिळणार नाहीत. काही अंक मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात मिळतील, काहींसाठी जिल्ह्याच्या वाचनालयांतील फायली पाहाव्या लागतील, आणि त्या फायलींची अवस्था पाहता हे काम फार दिवस थांबवता येईल असे दिसत नाही.